पैठणला फील्ड व्हिजिटला जाताय? पैठणी उलटी करून बघायला शिका

पीएचडीची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेल्या विद्यार्थ्यांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो: "फील्ड व्हिजिट करायची म्हणजे नेमकं काय करायचं?" सिनॉप्सिसमध्ये आपण "प्रत्यक्ष भेट, निरीक्षण व मुलाखती" अशी एक ओळ लिहून मोकळे होतो. मग एक दिवस एसटी पकडून गावात उतरतो, दोन तास फिरतो, चाळीस फोटो काढतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. त्या फोटोंपैकी एक प्रकरणाच्या सुरुवातीला लागतो आणि बाकीचे फोनमध्येच राहतात.

फील्ड व्हिजिट हेसुद्धा एक मोजमाप आहे. प्रयोगशाळेत मोजमाप करण्याआधी आपण काय मोजायचं, कशाने मोजायचं आणि चूक किती होऊ शकते हे ठरवतो. फील्डवरही हेच तीन प्रश्न असतात. आज ते पैठणच्या उदाहरणावरून समजावून घेऊ. पैठण छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं आणि पैठणी आपल्या सगळ्यांना ओळखीची वाटते. ओळखीच्या विषयातच निरीक्षणं सगळ्यात जास्त सुटतात, म्हणून हे उदाहरण घेतलंय. तुमचा विषय केमिस्ट्री असो, संगणकशास्त्र असो की अर्थशास्त्र, पद्धत तीच राहते.

१. निघण्याआधी : एका वाक्याचे तुकडे करा

पैठणीवरचा कुठलाही लेख उघडा. पहिल्या परिच्छेदात एक वाक्य हमखास असतं: "पैठणीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे." आपण ते उचलतो, खाली संदर्भ देतो आणि पुढे जातो. संशोधकाने इथे थांबायला हवं.

या एका वाक्यात निदान तीन वेगळे दावे आहेत. पहिला, पैठण हे शहर दोन हजार वर्षांपूर्वी होतं. दुसरा, तिथून कापडाचा व्यापार होत होता. तिसरा, आज ज्याला आपण पैठणी म्हणतो ते विणकाम तेव्हा तिथे होत होतं. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे.

पहिल्या दाव्याला भक्कम आधार आहे. पैठण म्हणजे गोदावरीकाठचं प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. दुसऱ्या दाव्यासाठी बहुतेक जण 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेकडे बोट दाखवतात. तिचा लेखक अज्ञात आहे, पण व्यापाराची माहिती नेमकी आहे. बॅरिगाझा म्हणजे भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं त्यात दिलंय. या दोन्ही ठिकाणांहून गाड्यांमध्ये माल भरून भडोचला जायचा.

कोणता माल? मूळ उतारा वाचल्यावर दिसतं की पैठणहून जाणारा माल म्हणून अकीकासारख्या दगडांचा उल्लेख आहे. साधं कापड, मलमल वगैरेंचा उल्लेख आहे तो तगरच्या नावाने!

यावरून "पैठणला तेव्हा विणकाम नव्हतं" असं सिद्ध होत नाही. उल्लेख नसणं हा अभावाचा पुरावा नव्हे. त्या लेखकाला निर्यातीच्या मालाशी देणंघेणं होतं, गावात काय विणलं जातं याच्याशी नाही. पण "पेरिप्लसमध्ये पैठणीचा उल्लेख आहे" असं वाक्य प्रबंधात लिहिता येणार नाही, एवढं नक्की. अजिंठ्याच्या चित्रांचंही असंच आहे. नक्षीची वस्त्रं चित्रांत दिसतात, म्हणजे तसं कापड चित्रकाराला माहीत होतं. पण ती नक्षी कोणत्या पद्धतीने विणली हे चित्रावरून कळत नाही, कारण विणकामाचा खरा पुरावा कापडाच्या मागच्या बाजूला असतो आणि चित्राला मागची बाजू नसते.

तिसऱ्या दाव्यासाठी पेशवाई आणि निजामाच्या राजवटीतले कागद आणि संग्रहालयांतली जुनी वस्त्रं तपासावी लागतील. ते इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम आहे आणि कष्टाचं आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निदान तीन दावे एकात मिसळू नयेत. जाण्याआधी आपल्या विषयातलं असं एक लाडकं वाक्य घ्या आणि त्याचे तुकडे करा. कुठला तुकडा फील्डवर तपासता येतो आणि कुठला ग्रंथालयात, हे वेगळं लिहा. निम्मी तयारी तिथेच होते.

२. पैठणी कशाला म्हणायचं?

संशोधनात याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. समोर दहा साड्या ठेवल्या, तर पैठणी कोणती हे तुम्ही कुठल्या नियमाने ठरवणार? नियम असा हवा की दुसऱ्या माणसाने तो वापरला तरी उत्तर तेच यावं.

*गावावरून व्याख्या:* पैठणला विणली ती पैठणी. सोपी व्याख्या आहे, पण मग नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचं काय? आज पैठणीचं मोठं केंद्र येवलाच आहे. तिथल्या साड्या बाद केल्या तर आपला अभ्यास पैठणीचा राहत नाही.

*पद्धतीवरून व्याख्या:* काठ आणि पदर टॅपेस्ट्री पद्धतीने, हातमागावर विणलेले असले तर ती पैठणी. ही व्याख्या तपासता येते, त्यासाठी कापड उलटून बघता यायला हवं. त्याबद्दल पुढे बोलू.

*मालावरून व्याख्या:* रेशीम आणि जर असेल तर पैठणी. पण जर कोणती? चांदीची, तांब्याची की प्लास्टिकची? ही मर्यादा कुठे ठरवायची?

*नक्षीवरून व्याख्या:* मोर, मुनिया, असावली, कमळ, नारळी काठ असला की पैठणी. बाजारात हीच व्याख्या चालते. त्यामुळेच छापील मोर असलेली सिंथेटिक साडीसुद्धा "पैठणी" म्हणून विकली जाते.

याशिवाय एक कायदेशीर चौकट आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. त्यामागे १९९९ चा कायदा आहे आणि अशा नोंदीच्या अर्जात क्षेत्र आणि उत्पादनाची पद्धत दोन्ही द्यावी लागतात. शिवाय १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे. त्यात काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. त्या कायद्यातली हातमागाची व्याख्या गमतीशीर आहे: यंत्रमाग नसलेला कुठलाही माग म्हणजे हातमाग.

व्याख्येवर एवढा वेळ का घालवायचा? कारण तुम्ही कोणती व्याख्या घेता त्यावर तुमच्या अभ्यासात कोण मोजलं जातं हे ठरतं. नक्षीवरून व्याख्या केली तर पैठणीचा बाजार भरभराटीला आलेला दिसेल. पद्धतीवरून केली तर त्याच बाजारात हाताने विणणाऱ्याचा वाटा किती उरतो हा प्रश्न समोर येईल. दोन्ही प्रबंध "पैठणी उद्योगाचा अभ्यास" याच नावाने छापले जातील. त्यातला एक वाचून उद्या कुणी योजना आखली, तर पैसे कुणाकडे जातील ते तुम्ही पान पाचवर लिहिलेल्या व्याख्येने आधीच ठरवलेलं असेल.

३. मागाजवळ : नक्षी कुठे साठवलेली असते?

आता प्रत्यक्ष मागाकडे येऊ. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि आडवे भरले जाणारे धागे म्हणजे बाणा. पायाखालच्या पट्टीने ताण्याचे काही धागे वर जातात, काही खाली. मधल्या फटीतून बाणा जातो आणि फणी तो ठोकून बसवते. कुठल्याही मागाचं मूळ काम एवढंच आहे.

साडीच्या अंगात धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पदरात मात्र नक्षी हवी असते. मोराची मान निळी, आजूबाजूला जर, शेजारी हिरवं पान. टॅपेस्ट्री पद्धतीत प्रत्येक रंगाचा बाणा फक्त आपल्या जागेपुरता जातो आणि तिथूनच परत फिरतो. त्यासाठी प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, तिला तिल्ली म्हणतात. एका ओळीत जितके रंगाचे तुकडे, तितक्या तिल्ल्या मागावर लोंबत असतात. जिथे दोन रंग भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात, नाहीतर कापडात उभी चीर राहील.

याचा एक परिणाम तुम्ही स्वतः तपासू शकता. बाणा आपल्या जागेबाहेर जातच नसल्याने मागे लोंबते धागे राहत नाहीत. पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते.

याच्या अगदी उलट उदाहरण संभाजीनगर शहरातच आहे. आपल्या हिमरूत सुती ताणा आणि रेशमी बाणा असतो. नक्षीसाठी जादा बाणा घालतात आणि नक्षीला लागत नाही तिथे तो कापडाच्या मागे मोकळा सोडतात. म्हणून हिमरूची शाल उलटली की मागे धाग्यांचे पट्टे दिसतात. एकाच जिल्ह्यात दोन विणी, आणि फरक ओळखायला पाच सेकंद लागतात. पैठणला जाण्याआधी शहरात हिमरू बघून जा. तुलना असली की नजर पटकन तयार होते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक छान प्रश्न आहे: नक्षीची माहिती साठवलेली कुठे असते? जकार्ड यंत्रात ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा आणली. भोक असेल तर एक क्रिया, नसेल तर दुसरी. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी हीच कल्पना घेतली आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथने भोकं पाडलेली कार्डं वापरून माहिती मोजली. टॅपेस्ट्रीत असं कार्ड नसतं. आलेख-कागदावरचं चित्र असेल, पण कुठली तिल्ली कितव्या धाग्यापर्यंत न्यायची हा निर्णय प्रत्येक ओळीला विणकराचे डोळे आणि बोटं घेतात. त्यामुळे दोन मोर हुबेहूब सारखे नसतात. हा फरक मोजता येईल का? नक्षीतल्या छोट्या फरकांवरून हातकाम ओळखणारा अल्गोरिदम बनेल का? प्रोजेक्टला चांगला विषय आहे.

आता "मागची बाजू बघा" या चाचणीला वैज्ञानिक शिस्त लावू. मागची बाजू स्वच्छ असेल आणि दोन रंगांच्या सीमेवर धागे एकमेकांत अडकवलेले दिसत असतील, तर टॅपेस्ट्रीची शक्यता खूप मोठी. पण मागे लोंबते धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागावरची, असं म्हणता येणार नाही. कारण हातमागावरही जकार्ड बसवतात आणि त्यावर जादा बाण्याची नक्षी विणतात. ती साडी हातमागाचीच असते, फक्त टॅपेस्ट्री नसते. म्हणजे ही चाचणी "कशी वीण" हे सांगते, "कोणता माग" हे सांगत नाही. आपली चाचणी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही हे लिहिण्याची सवय इथूनच लावून घ्या.

४. "एक पैठणी किती दिवसांत होते?" हा प्रश्न विचारू नका

पैठणला जाणारा प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं. एक महिना, सहा महिने, दीड वर्ष. मुरलेला विणकर उलट तुम्हालाच विचारतो, "कोणती?" खरं उत्तर तेच आहे. पदर केवढा, बुट्ट्या किती, तिल्ल्या किती, माणसं एक का दोन, यावर सगळं अवलंबून असतं.

त्याऐवजी मोजता येईल असं काही घ्या. एक उदाहरण करून बघू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, ते कुठल्या खऱ्या साडीचे नाहीत. समजा पदर ५५ सेंटिमीटरचा आहे आणि भिंगातून मोजल्यावर एका सेंटिमीटरमध्ये बाण्याचे ३० धागे दिसले. म्हणजे एकूण ओळी १६५०. एका ओळीला २ मिनिटं लागत असतील तर ३३०० मिनिटं, म्हणजे ५५ तास. रोज सहा तास काम धरलं तर नऊ दिवसांच्या थोडं वर. आता नक्षी दाट असून एका ओळीला ५ मिनिटं लागत असतील तर ८२५० मिनिटं, म्हणजे साडेसदतीस तास अधिक शंभर. तोच पदर तेवीस दिवसांवर गेला.

म्हणजे सगळं उत्तर "एका ओळीला किती वेळ" यावर बेतलंय. फील्डवर घड्याळ लावून नेमकी हीच गोष्ट मोजा. विणकराची परवानगी घेऊन, त्यांच्या कामात न बोलता, सलग वीस ओळींची वेळ नोंदवा. सरासरी काढा, विचलन काढा. धागा तुटला तर ती वेळही लिहा, गाळू नका, कारण धागा तुटणं हा कामाचाच भाग आहे. जमल्यास सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजा. एवढ्या नोंदीला "मला सांगण्यात आलं की सहा महिने लागतात" या वाक्याच्या दहापट किंमत आहे.

या वेळेत एक गोष्ट अजून आलेली नाही. रेशीम उकलणं, कांड्या भरणं, ताणा लावणं, त्याची टोकं जोडणं हे सगळं विणण्याआधीचं काम आहे. ते पुष्कळदा घरातल्या बायका करतात आणि मुलाखत मात्र मागावर बसलेल्या माणसाची होते. म्हणून "विणायला किती वेळ" याबरोबर "मागावर चढण्याआधी या धाग्याला कुणाकुणाचे हात लागले?" हेही विचारा.

५. रंग, रेशीम आणि जर : प्रयोगशाळेतले प्रश्न

काही पैठण्या एका बाजूने हिरव्या आणि दुसऱ्या बाजूने जांभळ्या दिसतात. याला धूप-छाव म्हणतात. कारण सरळ आहे: ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. रेशमाचा तंतू गुळगुळीत असतो आणि त्याची चमक दिशेवर अवलंबून असते. त्यामुळे एका कोनातून ताण्याची चमक वरचढ ठरते, दुसऱ्या कोनातून बाण्याची. कापड सपाट ठेवून, प्रकाश एका जागी ठेवून, कॅमेरा दहा-दहा अंशांनी फिरवला तर कोन विरुद्ध रंग असा आलेख काढता येईल. फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी करून बघावा.

रेशीम खरं का? घरगुती चाचणी म्हणजे धागा जाळणं. रेशीम प्रथिन आहे, त्यामुळे केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस हे सेल्युलोज, ते कागदासारखं जळतं. प्रयोगशाळेत एफटीआयआर लावलं तर रेशमाचा अमाइड पट्टा साधारण १६२० ते १६५० प्रति सेंटिमीटरच्या भागात दिसतो, तर पॉलिस्टरच्या एस्टर गटाचा पट्टा १७१५ च्या आसपास. दोन्ही इतके वेगळे आहेत की गोंधळ होत नाही.

जरीसाठी एक्सआरएफ उपयोगी आहे, कारण त्यात साडीला धक्का लागत नाही. चांदी, सोनं, तांबं यांच्या रेषा वेगवेगळ्या येतात. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. इमिटेशन जरीत तार तांब्याची असते, आणि प्लास्टिक जरीत धातूचा नुसता पातळ थर.

आता सॅम्पलचं गणित. धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. समजा तुमचा धागा २० डेनियरचा आहे. एक मीटरचं वजन २० भागिले ९०००, म्हणजे सुमारे २.२ मिलिग्रॅम. तुम्ही १० सेंटिमीटरचा तुकडा आणला तर तो ०.२२ मिलिग्रॅम. विभागातला तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचत असेल तर निम्मं वजन चुकीतच गेलं! मीटरभर धागा आणला तर तीच चूक पाच टक्क्यांच्या आसपास येते. हे गणित निघण्याआधी करायचं असतं. मागाखाली कापलेले टाकाऊ धागे पडलेले असतात. विचारून ते मागून घ्या. कुठल्या मागाचे, कुठल्या रंगाचे, कुठल्या तारखेचे हे पाकिटावर तिथेच लिहा.

आणि एक मोठी सावधगिरी. एका धाग्यावरून एका साडीबद्दल बोला, एका साडीवरून एका दुकानाबद्दल बोलू नका. "अमुक ठिकाणची जर खोटी" असं एका सॅम्पलवरून लिहिणं हे वाईट सांख्यिकी आहेच, शिवाय त्यात कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. विणकर जर स्वतः बनवत नाही, विकत घेतो किंवा माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्याला ती मिळते. फसवणूक झालीच असेल तर त्याचीही झालेली असू शकते.

६. भेटायचं कुणाला?

पैठणला महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे. तिथे एकाच छताखाली माग बघायला मिळतात, सुरुवातीला ते सोयीचंही पडतं. पण फक्त तिथेच गेलात तर तुमचं सॅम्पल "पाहुण्यांना दाखवता येणारे माग" एवढंच राहील. घरातले माग, व्यापाऱ्यासाठी मजुरीवर विणणारे, स्वतः माल घेऊन स्वतः विकणारे, या सगळ्यांचं अर्थकारण वेगळं असतं. प्रत्येक गटातले निदान दोघे-तिघे यादीत हवेत.

सगळ्यात सहज सुटणारा गट म्हणजे माग सोडलेले लोक. ते मागावर भेटणार नाहीत, कारण ते मागावर नाहीतच. "या धंद्यात भागतं का?" हा प्रश्न फक्त टिकून राहिलेल्यांना विचारला, तर उत्तर नेहमी बऱ्या बाजूला झुकतं. देशपातळीवर बघा: २००९-१० च्या हातमाग गणनेत ४३.३१ लाख कामगार होते, २०१९-२० च्या गणनेत ३५.२२ लाख. मधल्या दहा वर्षांत जे कमी झाले त्यांची गोष्ट चालू मागांवर ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी एक प्रश्न ठेवा: "तुमच्या ओळखीत आधी विणायचं आणि आता नाही, असं कुणी आहे का?"

कधी जायचं हेही ठरवून जा. नाथषष्ठीला पैठणमध्ये वारकऱ्यांची प्रचंड गर्दी असते. यात्रा हा तुमचा विषय नसेल तर त्या आठवड्यात जाऊ नका. आणि एका भेटीत काम उरकत नाही. पहिली भेट ओळखीची, दुसरी मोजमापाची, तिसरी आपल्या नोंदी त्यांना वाचून दाखवून तपासून घेण्याची.

७. बोलताना

मागावर बसलेल्या माणसाचा एक तास म्हणजे त्याच्या मजुरीचा एक तास. बहुतेक काम नगावर किंवा साडीवर असतं. तुम्ही तासभर बोललात तर त्या दिवशीचा पदर तेवढा कमी झाला. त्यामुळे वेळ विचारून जा, जेवणाच्या सुट्टीत बोला, किंवा गाईडशी बोलून मानधनाची तरतूद प्रस्तावातच करा.

संमती तोंडी घेतली तरी नीट समजावून घ्या. मी कोण, कुठल्या विद्यापीठातून आले, याचं काय करणार, आणि याने तुम्हाला थेट फायदा होईलच असं नाही, हे सगळं मराठीत सांगा. तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी भेटीआधी हवी, नंतर नाही. नव्या डिझाइनचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तुमच्यासाठी तो फोटो असतो, त्यांच्यासाठी पुढच्या हंगामाचा माल. तो व्हॉट्सॲपवर फिरला की महिनाभरात त्याची यंत्रमागावरची नक्कल बाजारात येऊ शकते.

छोट्या गावात नाव बदलून गुप्तता राहत नाही. "पैठणमधील साठीतल्या, अमुक नक्षीत तरबेज असलेल्या महिला विणकर" असं लिहिलंत तर गावात सगळे ओळखतात. वय, नक्षी, गल्ली यांतलं एखादंच तपशिलात द्या. विशेषतः त्या बाईंनी व्यापाऱ्याबद्दल किंवा मजुरीबद्दल काही सांगितलं असेल, तर तुमच्या एका वाक्याने त्यांचं पुढचं काम थांबू शकतं. प्रबंध ग्रंथालयात ठेवून आपण मोकळे होतो, त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

८. वहीत काय लिहायचं

मी वहीच्या पानाला तीन रकाने पाडते: दिसलं, ऐकलं, वाटलं. एक नमुना देते.

दिसलं: पदराच्या एका ओळीत ३२ तिल्ल्या, मागच्या बाजूला लोंबते धागे नाहीत. ऐकलं: जर व्यापारी देतो, साडी झाल्यावर हिशेब होतो. वाटलं: मालाची जोखीम व्यापाऱ्याची आणि वेळेची जोखीम विणकराची असावी, दुसऱ्या भेटीत साडीत दोष निघाला तर काय होतं ते विचारायचं.

तिसऱ्या रकान्यातून पुढचा प्रश्न निघतो. पण तिथलं वाक्य पहिल्या रकान्यात घुसलं की प्रबंध बिघडतो. "विणकर समाधानी दिसले" हे दिसलेलं नसतं, वाटलेलं असतं. हे पान त्याच दिवशी, परतीच्या गाडीत बसल्या बसल्या पूर्ण करा. दोन दिवसांनी लिहिलंत तर तिन्ही रकाने एकमेकांत मिसळलेले असतात.

९. पुढचे काही प्रश्न

विषय शोधत असाल तर पैठण-येवला पट्ट्यातून निघणारे काही प्रश्न देते. सगळे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहेत.

- जालन्यात रेशीम कोषांचा बाजार आहे. तिथला कोष पैठणच्या मागापर्यंत पोहोचतो का? पोहोचत असेल तर सूत कातणं, पीळ देणं, रंगवणं कुठे होतं?
- सीमेवरच्या धाग्यांच्या अडकवणीचा मोबाइलने काढलेला क्लोज-अप बघून टॅपेस्ट्री आणि जादा बाणा हा फरक किती अचूक सांगता येईल? दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला ते वापरता येईल का?
- इमिटेशन जर घाम आणि दमट हवेत किती दिवसांत काळवंडते?
- कांड्या भरणं आणि ताणा लावणं या कामाचे तास धरले, तर एका साडीच्या श्रमात बायकांचा वाटा किती होतो?

यातला एक प्रश्न निवडा. मग त्याची एका वाक्यात व्याख्या, एक मोजमाप, एक संभाव्य चूक आणि भेटायच्या लोकांची यादी, एवढं एका पानावर लिहा. ते पान गाईडला दाखवा. गाईडने त्यावर लाल पेनने खुणा केल्या की दुसरं पान लिहा, आणि त्यानंतर पैठणची एसटी पकडा. सोबत एक भिंग, मोजपट्टी, घड्याळ, लेबल लावलेली कागदी पाकिटं आणि पाण्याची बाटली असू द्या. कॅमेरा पिशवीतच राहू द्या. पहिला अर्धा तास नुसतं बघा, आणि परवानगी मिळाली की पदर उलटून बघा.